डबा उघडून बघा!

मित्रांनो, सेलमधला गेमिंग पीसी म्हणजे रंगीत दिवे, काचेचं झाकण आणि भरघोस सूट! माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तरी स्पष्ट सांगतो: सूट नंतर बघा, आधी डबा उघडून बघा.

सॉकेट कोणतं आहे? एएमडीच्या एएम४ वर, २०१७ च्या अनेक बोर्डांवरसुद्धा, बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन प्रोसेसर चालतो. इंटेलचं एलजीए १७०० मात्र चौदाव्या पिढीपाशी थांबलं. पॉवर सप्लाय किती वॅटचा? काही कंपन्या बोर्ड आणि सप्लाय आपल्याच मापाचे बसवतात. उद्या मोठं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं, की दोन्ही बदला! रॅमची एकच काडी असेल तर ड्युअल चॅनलचा वेग मिळत नाही. निदान दुसरा स्लॉट तरी मोकळा हवा.

पार्ट नेहमीच्या मापाचे असतील तर तयार पीसी खुशाल घ्या. पण त्याआधी वसई-विरारहून लोकलने ग्रँट रोड गाठा, लॅमिंग्टन रोडवर सुट्या पार्टचे भाव काढा आणि बेरीज करा. घरच्यांच्या पगारातून एकदाच येणारा पीसी डिग्रीपर्यंत टिकायला हवा. दुकानदार झाकण उघडायला नाही म्हणाला, तर आपणही नाही म्हणावं. पटतंय ना?