जाब कोणाला विचारायचा?
(जॉर्जिया राज्यातील काँग्रेस निवडणुकांचा एक हिशेब)

गेल्या जयंतीच्या कार्यक्रमानंतर, जेवणाची ताटे आवरली जात असताना, आपल्यातीलच एका सुविद्य गृहस्थांनी एक विधान केले. "जॉर्जियातल्या काळ्यांनी स्वतःच्या मतदारसंघांचा हट्ट धरला, तीन जागा पदरात पाडून घेतल्या आणि आपल्याच पक्षाचे राज्य बुडविले." उपस्थितांपैकी दोघा-तिघांनी माना डोलावल्या. हे विधान अमेरिकन वृत्तपत्रांतून आणि विद्यापीठांतून वर्षानुवर्षे केले गेले आहे, त्यामुळे त्या गृहस्थांना एकट्याला दोष देता येणार नाही. परंतु ज्यांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, त्यांनी ते तपासून न पाहता उच्चारावे, याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

आरंभीच एक खुलासा करतो. आपल्या कानांना 'काँग्रेस' म्हटले की गांधींचा पक्ष आणि 'रिपब्लिकन' म्हटले की निळा झेंडा आठवतो. येथे काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, आणि रिपब्लिकन म्हणजे 1964 पासून दक्षिणेतील गोरा मतदार ज्याच्याकडे सरकत गेला तो पक्ष. त्या वर्षी नागरी हक्क कायद्याला विरोध करणारे बॅरी गोल्डवॉटर जॉर्जियात विजयी झाले. त्या राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला असा विजय पूर्वी कधीच मिळाला नव्हता.

आता हिशेब पाहू. 1990 साली जॉर्जियाच्या प्रतिनिधिगृहातील जागा 10 होत्या. डेमोक्रॅटिक पक्षाकडे 9 आणि रिपब्लिकनांकडे 1, ती न्यूट गिंग्रिच यांची, तीही हजारापेक्षा कमी मतांनी राखलेली. राज्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण 27 टक्के होते, परंतु त्यांचा प्रतिनिधी एकच, जॉन लुईस. 1871 मध्ये जेफरसन लाँग यांची अल्प मुदत संपली, त्यानंतर थेट 1972 साली अँड्र्यू यंग निवडून आले. मधल्या शंभर वर्षांत जॉर्जियातून एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेला नाही. त्या शंभर वर्षांत बहुतेक काळ राज्य कोणाचे होते? याच डेमोक्रॅटिक पक्षाचे! 'आपलाच पक्ष' हा शब्दप्रयोग किती जपून करावा, हे यावरून ध्यानात यावे.

1990 च्या जनगणनेनंतर जॉर्जियाला 11 वी जागा मिळाली आणि नवे नकाशे आखले जाऊ लागले. 1965 च्या मताधिकार कायद्यानुसार असा नकाशा वॉशिंग्टनमधील न्याय खात्याकडून संमत करून घ्यावा लागे. न्याय खात्याने दोन नकाशे परत पाठविले. तिसरा संमत झाला, त्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेले तीन मतदारसंघ होते. 27 टक्के लोक आणि 11 पैकी 3 जागा! त्रैराशिक येणाऱ्या शाळकरी मुलालाही यात हाव दिसणार नाही. 1992 मध्ये लुईस यांच्यासमवेत सँफर्ड बिशप आणि सिंथिया मॅकिनी निवडून आल्या. मॅकिनी या जॉर्जियातून काँग्रेसमध्ये गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत.

त्याच निवडणुकीत रिपब्लिकनांच्या जागा 1 वरून 4 झाल्या, 1994 मध्ये 7 झाल्या, आणि गिंग्रिच प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले. आपल्या गृहस्थांचा युक्तिवाद येथे उभा राहतो. काळी मते तीन मतदारसंघांत गोळा केल्यामुळे शेजारच्या मतदारसंघांतील गोऱ्या डेमोक्रॅटांचा आधार तुटला, असे ते म्हणतात. यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. काही जागांवर हा परिणाम झाला, आणि रिपब्लिकन धुरीणांना ही मागणी सोयीची वाटली, हेही खरे. पण एवढ्याने आरोप सिद्ध होतो काय?

पहिला साक्षीदार सेनेटची निवडणूक. सेनेटसाठी संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ असतो, तेथे रेषा आखण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. 1992 साली डेमोक्रॅटिक सेनेटर वाइच फाउलर पहिल्या फेरीत आघाडीवर राहूनही बहुमत न मिळाल्याने फेरमतदानाला सामोरे गेले आणि पॉल कव्हरडेल यांच्याकडून पराभूत झाले. 1996 मध्ये मॅक्स क्लीलंड यांनी सेनेटची दुसरी जागा पक्षाकडे राखली खरी, परंतु 2002 मध्ये तेही पडले आणि त्याच दिवशी गव्हर्नरपदही गेले. तेथे कोणत्या काळ्या मतदारसंघाने घात केला?

दुसरा साक्षीदार अधिक बोलका आहे. उत्तर जॉर्जियातील डोंगराळ 9 वा मतदारसंघ जवळजवळ संपूर्ण गोऱ्या वस्तीचा होता. तेथून नेथन डील 1994 मध्ये डेमोक्रॅट म्हणून निवडून आले आणि 1995 च्या एप्रिलमध्ये रिपब्लिकन झाले. 1996 मध्ये त्याच मतदारांनी त्यांना नव्या पक्षाच्या नावावर पुन्हा निवडून दिले. त्या डोंगरातली काळी मते कोणी पळविली होती? पळविण्याइतकी तेथे ती होतीच कुठे? जॉर्जियात डेमोक्रॅटांकडे आता तीनच जागा उरल्या, आणि तिन्ही प्रतिनिधी कृष्णवर्णीय होते. पक्ष सोडून गेले ते कोण, आणि पक्षात राहिले ते कोण, हे सांगायला आणखी आकडे लागत नाहीत.

तिसरा साक्षीदार खुद्द सर्वोच्च न्यायालय आहे. मॅकिनींचा 11 वा मतदारसंघ अटलांटाच्या उपनगरांपासून 260 मैलांवरील सव्हॅनापर्यंत पसरला होता. 29 जून 1995 रोजी 'मिलर विरुद्ध जॉन्सन' खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो घटनाबाह्य ठरविला, कारण आखणीत वंश हाच प्रमुख विचार होता. त्या पाचांत क्लॅरेन्स थॉमस होते, न्यायालयातील एकमेव कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, जन्म सव्हॅनाजवळच्या पिन पॉइंट गावचा. (आपला माणूस आणि आपला प्रतिनिधी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या लोकांना नव्याने शिकवावे लागू नये. 1952 साली मुंबई उत्तरच्या राखीव जागेवर बाबासाहेबांचा पराभव करणारे काजरोळकरही अस्पृश्य समाजातलेच होते.) त्यानंतर न्यायालयाने आखलेल्या नव्या नकाशात कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेला एकच मतदारसंघ उरला. म्हणजे आक्षेपकांना हवे होते तेच झाले! काळी मते पुन्हा विखुरली गेली. मग 1996 मध्ये गोरे डेमोक्रॅट परतले काय? रिपब्लिकन 8, डेमोक्रॅट 3. 1998 मध्ये 8 आणि 3. 2000 मध्येही 8 आणि 3.

बिशप आणि मॅकिनी त्या वर्षी गोरे बहुसंख्य असलेल्या मतदारसंघांतून जिंकले, याचाही दाखला दिला जातो. "पाहा, वेगळ्या मतदारसंघांची गरजच नव्हती!" पण ते दोघे उभे राहिले ते विद्यमान सदस्य म्हणून. 1992 च्या नकाशाने दार उघडले नसते, तर 1996 मध्ये ते विद्यमान कसे झाले असते? शिडीने माडीवर चढलेल्या माणसाकडे बोट दाखवून शिडी निरुपयोगी ठरविण्याचा हा प्रकार आहे.

आणि ही शिडी आपल्या परिचयाची आहे. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत 148 राखीव जागा मिळाल्या, पण त्यांवर कोण बसावे याचा अंतिम निर्णय संयुक्त मतदारसंघाच्या, म्हणजे सवर्ण बहुसंख्येच्या हाती गेला. जॉर्जियातील मतदारसंघ आणि आपला स्वतंत्र मतदारसंघ एक नव्हेत. तेथे गोऱ्या आणि काळ्या मतदारांची यादी एकच असते, रेषा तेवढी बदलते. पण आरोप मात्र शब्दशः तोच. हिंदू समाज फोडल्याचा ठपका तो शेकडो वर्षे फोडून ठेवणाऱ्यांवर आला नाही, वाटा मागणाऱ्यावर आला. कृष्णवर्णीय अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रसंघासाठी तयार केलेल्या निवेदनाची प्रत 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून मागविणाऱ्या बाबासाहेबांना हे साम्य कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. तीस-तीस वर्षे या देशात राहून ते आपल्यालाच दिसू नये, याला काय म्हणावे?

2013 साली 'शेल्बी काउंटी' निकालाने पूर्वसंमतीची ती तरतूदही निकामी झाली. 2024 मध्ये जॉर्जियातून 14 पैकी 9 रिपब्लिकन आणि 5 डेमोक्रॅट निवडून आले. पाचही डेमोक्रॅट कृष्णवर्णीय, आणि त्यांत 1992 चे तेच सँफर्ड बिशप.

त्या सायंकाळी मी त्या गृहस्थांना डील यांचे नाव माहीत आहे काय, असे विचारले. माहीत नव्हते. मग त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघाचा क्रमांक विचारला. ते हसून म्हणाले, "आम्ही राजकारणात पडत नाही."