बिनमातीची शेती, खालच्या अंगाची विहीर

गोदीत मी खताच्या गोण्या उचलतो. कॅल्शियम नायट्रेट, पंचवीस किलो, पांढरे दाणे. गोणी फुटली की दाणे घामाला चिकटतात, मान चरचरते. दिंडोरी तालुक्यात आत्याकडं गेलो तर पॉलिहाऊसच्या दारात तीच थप्पी. आत ढोबळी मिरची. माती नाहीच. पिशवीत नारळाचा भुसा, भुशात रोप, रोपाला नळी. सातबारा कधी न पाहिलेल्या बाया मिरच्या तोडतात. माती काढून टाकली, मालक मात्र तोच राहिला!

आत दोन टाक्या. एकीत कॅल्शियम, दुसरीत सल्फेट-फॉस्फेट. घट्ट द्रावणं एकत्र केली तर साका बसतो, नळ्या तुंबतात. (टाक्या वेगळ्या ठेवायला हे तरी कारण आहे. गावच्या पाणवठ्याला तेवढंही नव्हतं.) भुशात क्षार साचू नयेत म्हणून रोपाला लागतं त्याहून जास्त पाणी सोडतात. शंभर लिटरमागं वीस-तीस लिटर खालून निथळतं. त्यात लिटरला शेकडो मिलिग्रॅम नायट्रेट असू शकतं. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडची मर्यादा ४५. रंग नाही, वास नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. वरच्या दुधात गेलं तर तान्हं पोर निळं पडतं.

आत्याच्या पॉलिहाऊसमागं हे पाणी चरातून ओढ्याला जातं. ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्तीची विहीर. आत्या म्हणाली, "गवत बघ कसं काळंभोर माजलंय. आमच्या पाण्याचं काय झालंय ते कोण बघणार रं?" तिनं मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "लई पाण्याची काळजी असंल तर उद्यापास्नं येऊ नको."

दोस्तहो, महाडचं चवदार तळं १९२७ चं. नाशिकचा काळाराम १९३० चा. तेव्हा पाण्याला शिवू देत नव्हते. आता शिवा, प्या, कोणी अडवत नाही. काय प्यायचं ते वरच्या अंगाला ठरतं.

लहान शेतकरी कर्जात आहे, ठाऊक आहे मला. पण पॉलिहाऊसला सरकार निम्मं अनुदान देतं, तर निथळणाऱ्या पाण्याचा हिशेबही मागावा. पन्हळीनं हौदात गोळा करा, मोकळ्या रानात द्राक्षाला, कांद्याला मोजून द्या, तेवढं खत कमी टाका. पुन्हा आतच वापरायचं तर गाळून, जंतू मारून वापरावं लागतं, आणि सोडियम साठत जातं. ते काम खर्चाचं. हॉलंडात २०१८ पासून काचघरातलं औषधाचं पाणी ९५ टक्के औषध काढल्याशिवाय सोडता येत नाही. तिथल्या साहेबांनाही ते आपणहून सुचलं नसेल.

जलजीवन मिशनच्या तपासणी किटमध्ये नायट्रेट बघता येतं. येत्या सोमवारी विहिरीची बाटली भरून मी ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवणार आहे. वस्तीतल्या पोरांनी यावं. आत्या येणार नाही. तिचा खाडा पडतो.