उन्हाळ्यांतील खाज

वैशाखांत सोलापुरास पारा ४० अंशांपलीकडे गेला, कीं घरोघर घामोळ्यांची तक्रार सुरू होते आणि औषधांच्या दुकानांतून गुलाबी कॅलॅमाइन लोशन येतें. त्यास आमची हरकत नाहीं. त्यांतील जस्ताच्या ऑक्साइडची पूड तळाशीं बसते, म्हणून बाटली हलवून कापसानें पातळ थर द्यावा. पाणी उडतांना गारवा येतो, खाज व जळजळ शमते. उघड्या जखमेवर मात्र तें लावूं नये.

आमची तक्रार दुसऱ्याच नळीविषयीं आहे. जांघेंतील गजकर्ण डॉक्टरांस दाखविण्यास आपण लाजतों, आणि कोणा शेजारणीनें सुचविलेलें स्टेरॉइडमिश्रित मलम गुपचूप आणवितों. आमच्याच घरीं हें घडलें. खाज दोन दिवसांत थांबली; बुरशी मात्र आंतून पसरत होती. मलम बंद करतांच एका चट्ट्याचे सात झाले, कातडी पातळ पडली ती निराळीच. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं अनेक स्टेरॉइडें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. पण चिठ्ठी मागतो कोण? तेव्हां नळीवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हें नांव आहे काय, एवढें तरी गृहिणींनीं वाचून पाहावें. कडा लाल व मध्यें निवळलेला गोल चट्टा दिसल्यास तर लोशनही नको. सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जावें.