बंब मुंबईला जाणार नाही

परवा जुन्या वाड्यात आमच्या मंडळींची बैठक झाली. वाडा पाडायचं ठरलंय, बिल्डरही ठरलाय. त्यावर मला काही म्हणायचं नाही. (म्हणजे आहे, पण तो वेगळा लेख.) वाद झाला तो सामानावरून. आजीचा तांब्याचा बंब, जातं, शेर-पायलीची मापं, पानाचा डबा, दोन अडकित्ते. काका म्हणाले, "मुंबईच्या मोठ्या म्युझियमला देऊन टाकू, तिथे नीट तरी राहील. इथल्या म्युझियमात कोण कुत्रं जातं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथे भांडलो, आता इथे भांडतो.

मुळात मुंबई आपल्या बंबाची वाट बघत बसलेली नाही. घेतलाच तर जाईल गोदामात. पण ते सोडा.

वस्तू गाव सोडून गेली की काय होतं, हे नाशिककरांना तरी सांगायला लागू नये. १९०६ साली जोगलटेंभीला, इथे सिन्नर तालुक्यात, चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. नहपान क्षत्रपाची. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. हरलेल्या राजाच्या तोंडावर जिंकलेल्याने मारलेला शिक्का! पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात त्याची आई बलश्री हेच दगडात लिहून ठेवते, की माझ्या मुलाने क्षहरातांचा वंश निपटून काढला. लेख इथे, आणि नाणी मात्र निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेली. नाशिकच्या पोराला सकाळी लेख आणि दुपारी त्याच ढिगातली ओंजळभर नाणी एका जागी दाखवता आली असती, तर त्याला सनावळ्या पाठ करायला लागल्या नसत्या.

तीच गोष्ट मातीच्या गढीची. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी तिथे खणून ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर दाखवले. आपल्याला गढी आठवते ती पावसाळ्यात, माती ढासळून वरच्या घरांना नोटिसा गेल्या की.

आता काकांचा मुद्दा. छोटी म्युझियमं वाईट असतात, हे खरंच आहे. मी एका ठिकाणी गेलो होतो (नाव घेत नाही), वॉचमनने माझ्यासाठी ट्यूबलाइट लावली आणि मी पुढे सरकल्यावर विझवली. चिठ्ठीवर लिहिलेलं, "मातीचे भांडे". अहो, ते मलाही दिसतंय! कुठे सापडलं, कोणी वापरलं, त्यात काय शिजायचं? पण हा दोष छोटेपणाचा नाही, चिठ्ठीचा आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात लोक चक्क दगड बघायला जातात, आपल्याच काळ्या कातळाच्या पोकळीतले स्फटिक. ते खाजगी आहे, तिकीट आहे, मान्य. पण ते सिन्नरला आहे ना? अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, संस्था १९८० पासूनची. त्र्यंबकला जाताना आपण किती वेळा गाडी थांबवली? मी एकदा. तेही पाऊस होता म्हणून.

आणि "बंब काय म्युझियममध्ये ठेवायची वस्तू आहे?" असं जी आत्या म्हणाली तिच्यासाठी: पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे आणि अडकित्तेच गोळा केले. १९७५ मध्ये ते सगळं सरकारला दिलं. आज लोक रांग लावून बघतात.

तर माझं म्हणणं असं, की सामान नाशिकमध्येच द्यायचं, आणि नुसतं द्यायचं नाही. प्रत्येक वस्तूबरोबर तिची हकिगत लिहून द्यायची. ती नसेल तर आपला बंब म्हणजे "तांब्याचे भांडे", आणि मग दोष वॉचमनचा नाही, आपला.

काका, तुम्ही हा ब्लॉग वाचता, मला माहीत आहे. बंबावर आजोबांचं नाव घातलंय, पण तो भांडीबाजारातून आणला की तांबटाकडून मुद्दाम करून घेतला, हे फक्त तुम्हालाच आठवत असणार. रविवारी वही घेऊन येतो. चहा ठेवा.