पोटखराब्यातील पाहुणे

शाळांना सुट्टी लागली की घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो, "मुलांना न्यायचं कुठं?" वॉटर पार्कची तिकिटे चौघांच्या कुटुंबाला झेपत नाहीत. मॉलमध्ये नुसते बघून परत यायचे, तर मुले रुसतात. मग बहुतेकजण मुलांना मुंबई-ठाण्याच्या मामाकडे नाहीतर आत्याकडे धाडून मोकळे होतात. ज्यांची मुले तिकडे जाणार आहेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांची पुण्यातच राहणार आहेत त्यांच्यासाठीही, या वेळी आम्ही पाखरांवर लिहीत आहोत. पाखरे पाहायला फारसे पैसे पडत नाहीत, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, ते पुढे येईलच.

"भर उन्हाळ्यात कसली पाखरे?" असे कोणी विचारील. त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. लोणी काळभोरजवळ कवडीपाटला मुळा-मुठेच्या पात्रात हिवाळाभर चक्रवाक आणि थापट्या बदके दिसतात. एप्रिल संपेपर्यंत ती उत्तरेला निघून गेलेली असतात. पण पाखरांची सगळीच खाती मार्चअखेर बंद होत नाहीत. ठाण्याच्या खाडीत उन्हाळा हाच खरा हंगाम. तिथले रोहित, ज्यांना अग्निपंख किंवा इंग्रजीत फ्लेमिंगो म्हणतात, नोव्हेंबरच्या सुमारास यायला लागतात, मार्च-एप्रिलमध्ये त्यांची दाटी होते आणि पावसाची चाहूल लागली की ते निघतात. मे महिन्यात गेलात तरी भेट होते.

वस्तीतील मुलामुलींना घेऊन आम्ही एप्रिल-मे महिन्यांत ऐरोलीला जात असतो. ठाण्याला थांबणाऱ्या गाडीने जायचे, तिथून वाशीकडची लोकल पकडायची आणि ऐरोलीला उतरायचे. खाडीकाठी वनखात्याचे सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून होडीने खाडीत नेतात. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी लागते. ओहोटीने चिखल उघडा पडलेला असतो, त्यावर खेकडे आणि निवट्या पळत असतात. मग दूरवर एक गुलाबी पट्टा दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, कोणीतरी गुलाबी लुगडी ओळीने वाळत घातली आहेत. होडी जवळ गेली की त्या लुगड्यांना पाय फुटतात.

रोहितांच्या इथे दोन जाती येतात, मोठा आणि छोटा. खाडीत छोट्यांचा भरणा जास्त. त्यांची जेवणाची तऱ्हा मुलांना फार आवडते. मान खाली घालून चोच चक्क उलटी धरायची, पाणी-चिखल आत ओढायचा आणि जिभेने बाहेर ढकलायचा. चोचीच्या कडांना गाळणी असते, तिच्यात शेवाळ आणि बारीक जीव अडकून राहतात. आपल्या आया पीठ चाळतात तसेच. गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच अंगात उतरतो. थव्यात राखी रंगाची पाखरे दिसली तर ती आजारी समजू नका. ती लेकरे आहेत, रंग चढायला त्यांना दोन-तीन वर्षे लागतात.

रोहितांखेरीज पिवळ्या लांब चोचीचे चित्रबलाक दिसतात. लाल काडीसारख्या पायांचे शेकाट्ये दिसतात, बगळे आणि खंड्या तर असतातच. चिखलावर पळणारे तुतारी नावाचे छोटे पक्षी एप्रिलमध्ये तांबूस पिसे धारण करून निघायच्या तयारीत असतात. त्यांतील कित्येकांचे घर थेट सायबेरियाकडे असते. मुठीत मावेल एवढा जीव, आणि प्रवास मात्र हजारो किलोमीटरचा.

आता थोडे आकडे, कारण आम्ही कारकून माणसे. शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग 'फ्लेमिंगो अभयारण्य' म्हणून जाहीर केला. त्यात सुमारे ८९६ हेक्टर तिवरांचे जंगल आहे, बाकीचे पाणी आणि चिखल. २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत २०१९ साली रोहितांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला होता. २०२२ साली याच संस्थेने सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाला खूण देणारी यंत्रे बसवली. पाखरे गुजरातच्या किनाऱ्याकडे कशी ये-जा करतात ते त्यावरून दिसले. कच्छच्या रणात ती मातीची उंचवट्यासारखी घरटी बांधतात आणि एका घरट्यात एकच अंडे घालतात. एका अंड्यासाठी एवढी यातायात, तेव्हा एकेक पाखरू किती मोलाचे ते पाहा.

एवढा मोठा थवा मुंबईच्या कुशीत का येतो? खाडीच्या चिखलात शेवाळ भरपूर आहे म्हणून. ते शेवाळ वाढण्यात शहरातून येणाऱ्या सांडपाण्याचाही वाटा आहे, असे जाणकार सांगतात. यावरून कोणी घाण चांगली असा अर्थ काढू नये. कारखान्यांचे विषारी पाणी मासळीच्या आणि माणसाच्याही पोटात जाते. सांगायचे ते इतकेच, की ज्या चिखलापाशी येताच लोक नाकाला रुमाल लावतात, तो चिखल म्हणजे लाखभर पाखरांचे भरलेले ताट आहे आणि कोळ्याच्या घरातल्या चुलीचा आधार आहे. भरतीचे पाणी तिवरांत जिरते, म्हणून आजूबाजूच्या वस्त्यांचाही बचाव होतो.

सातबाऱ्यावर जी जमीन पिकाखाली येत नाही, तिच्यासाठी 'पोटखराबा' हा शब्द असतो. खाडीचा चिखल, तळ्याचा काठ, नदीचे पात्र यांच्याकडे शहराची नजर अशीच असते. काही पिकत नाही, काही बांधलेले नाही, म्हणजे जागा मोकळी. मोकळी म्हटली की भराव आलाच. त्या जागेवर कोण राहते, कोण जेवते, याचा रकाना कागदावर नसतो. वाचक बंधुभगिनींनो, ही नजर आपल्याला नवी नाही. नदीकाठच्या आणि नाल्याकाठच्या कित्येक वस्त्यांनी ती अंगावर घेतली आहे. 'तिथे कोणी नाही' असे कागद म्हणतो, आणि तिथे तर चुली पेटलेल्या असतात.

असे झाले की पाखरांचे काय होते, ते २०२४ च्या उन्हाळ्यात दिसले. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा रोहित नवी मुंबईत नेरूळच्या तळ्यांवर विसाव्याला जातात. त्यांतील एका तळ्यात भरतीचे पाणी शिरण्याची वाट बंद झाली, तळे सुकले आणि त्या भागात रोहित मरून पडलेले आढळले. पुढे २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवरून विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाची रोहितांच्या थव्याशी धडक झाली. ३९ पाखरे मेली. वस्तीतल्या लोकांनी रस्त्यावर पडलेली पाखरे पाहिली आणि कळवले. खाडी आणि विसाव्याची तळी हे पाखरांचे एकच घर आहे. एक खोली ठेवून दुसरीला कुलूप लावले, तर घर चालत नाही.

ज्यांना मुंबईला जाणे जमणार नाही, त्यांनी भिगवणला जावे. पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर सुमारे शंभर किलोमीटर. उजनी धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की काठचा गाळ उघडा पडतो आणि रोहित तिथेही उतरतात. पाण्यावर सूर मारणारे नदीसुरयही दिसतात. कुंभारगावचे मच्छीमार होडीतून पाखरे दाखवतात, त्यांना पाखरांची नावे आणि सवयी तोंडपाठ आहेत. ज्या पाण्यावर मासळी मिळते, त्याच पाण्यावर पाखरांमुळे घरात चार पैसे येतात. तेव्हा पाखरू जगले तर माणूसही जगतो, हे केवळ भाषणातले वाक्य नाही.

आणि भिगवणही दूर वाटत असेल, तर येरवड्याच्या बाजूला मुळा-मुठेच्या काठी डॉ. सालिम अली यांच्या नावाने ओळखले जाणारे पक्षी अभयारण्य आहे. मे महिन्यात तिथे हळदीकुंकू बदक दिसेल. मातीच्या दरडीत बीळ करून राहणारा वेडा राघू दिसेल. खडेगोट्यांत अंडी घालणारी टिटवी ओरडत अंगावर येईल. ही टिटवी आयांनी जरूर पाहावी. ऊन तापले की ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. अंड्यांना हात मात्र कोणी लावू नये.

याच नदीच्या काठावर २०२२ सालापासून ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचे काम सुरू झाले. नदी स्वच्छ व्हावी, हे कोणाला नको आहे? काठावर राहणाऱ्याला तर ते सर्वांच्या आधी हवे, कारण पुराचे पाणी आणि डास त्याच्याच घरात शिरतात. पण काठ दगड-सिमेंटने बांधून काढला, तर वेड्या राघूने बीळ कुठे करावे आणि टिटवीने अंडी कुठे घालावीत, हेही विचारले पाहिजे. विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. मात्र नुसत्या तोंडी बोलण्याने भागत नाही. कचेरीतला साधा नियम आहे, नोंद नाही ते घडलेच नाही.

म्हणून हा लेख. प्रत्येक घरातील मुलाने किंवा मुलीने या सुट्टीत एक वही करावी. तारीख, वेळ, जागा, पाखराचे नाव, किती दिसले, काय करत होते, असे सहा रकाने आखावेत. नाव माहीत नसेल तर चोच, पाय आणि रंग लिहावा. मोजता आले नाही तर अंदाज लिहून पुढे 'अंदाजे' असे म्हणावे. न पाहिलेले लिहू नये. घरी स्मार्टफोन असेल तर ई-बर्ड या मोफत नोंदवहीत तीच माहिती भरता येते, आणि ती जगभरच्या अभ्यासकांना दिसते. दुर्बिणीवाचून अडत नाही. कान आणि सकाळचे सहा ते आठ हे दोन तास पुरतात. पाण्याची बाटली आणि डोक्याला टोपी विसरू नये.

खाडीवर जाणाऱ्यांसाठी एक हिशेब. तिथीला पाऊणने गुणले की मुंबईच्या भरतीची साधारण वेळ निघते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला. पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. भरती दिवसातून दोनदा येते, तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चिखल उघडा पडू लागला की पाखरे जेवायला उतरतात. मुलांना पाऊणकी पाठ करायला लावण्याची याहून चांगली संधी नाही.

नावांवरून एक गंमत सांगतो. खाडीवर तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची घार फिरत असते. तिचे नाव ब्राह्मणी घार. ते ऐकून आमच्याबरोबरच्या एका मुलीने विचारले, "पाखरांतपण जात असते का?" आम्ही सांगितले, पाखरांत नसते, नाव ठेवणाऱ्यांच्या डोक्यात असते. ही घार मेलेली मासळीही खाते आणि तरी सगळ्यांबरोबर एकाच आभाळात उडते. पण लोकांनी ठेवलेली किती नावे गोड आहेत तेही पाहा. वेडा राघू, शेकाट्या, खंड्या, हळदीकुंकू. ही नावे रानात आणि पाण्यावर राबणाऱ्यांनी दिलेली आहेत. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करत नवेगावबांधसारख्या जंगलांत राहिले, आदिवासींकडून आणि कोळ्यांकडून अशी नावे शिकले आणि त्यांनी मराठीला पक्षिकोश दिला. जून २०२५ मध्ये ते गेले. शाळेच्या पुस्तकाबाहेरचे हे ज्ञान ज्यांच्याकडे होते, त्यांच्याकडे जाऊन बसण्याची नम्रता त्यांच्यात होती. आपल्याही घरात गावाकडची आजी असेल. पावशा ओरडला की पेरणीची आठवण कशी व्हायची, हे तिला विचारा आणि तेही वहीत लिहा.

उद्या कोणी नकाशावर बोट ठेवून म्हणेल, ही जागा मोकळी आहे. तेव्हा एखाद्या दहावीतल्या मुलीने उठून सांगावे, "मोकळी नाही साहेब. अमुक तारखेला सकाळी साडेसहा वाजता इथे टिटवीची चार अंडी होती. माझ्या वहीत लिहिलेलं आहे." वही वीस रुपयांना मिळते. या रविवारी आणा.