एएनएमच्या पुढची पायरी

सकाळी आठला पाळी बदलते. कसबा बावड्यातल्या लाईन बाजार परिसरात रात्रपाळी संपवून निघालेल्या आणि दिवसपाळीसाठी येणाऱ्या परिचारिका रोज एकमेकींसमोरून जातात. सरकारी सेवा रुग्णालय इथेच आहे. डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचा वैद्यकीय आणि नर्सिंग शिक्षणाचा परिसरही बावड्यातच. शहराकडे वळले की सीपीआर आणि आसपासची असंख्य खासगी रुग्णालये. रुग्णाच्या नातेवाइकांच्या लेखी पांढऱ्या किंवा निळ्या गणवेशातल्या या सगळ्याजणी ‘सिस्टर’च. पण कागदावर त्यांच्यात मोठे अंतर आहे. कुणी दोन वर्षांचा एएनएम म्हणजे सहाय्यकारी परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रम केलेली, कुणी तीन वर्षांचा जीएनएम केलेली, तर कुणी चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी घेतलेली. काम बऱ्याचदा सारखेच असते. पगार, पद आणि बढतीची वाट मात्र सारखी नसते.

बारावीच्या निकालानंतर नर्सिंग प्रवेशांच्या जाहिराती सुरू होतात आणि दरवर्षी अनेक एएनएम एकच प्रश्न विचारू लागतात, ‘आता पुढे काय करू?’ प्रश्न साधा वाटतो, पण चुकीच्या उत्तराची किंमत तीन वर्षे आणि काही लाख रुपये असू शकते. शिवाय हा प्रश्न विचारणारी बहुतेक वेळा कमावती असते. तिच्या पगारावर घरचा हप्ता, मुलांची फी किंवा आईवडिलांचे औषधपाणी चाललेले असते. म्हणून या निवडीकडे जाहिरातीतल्या ‘शंभर टक्के नोकरी’च्या नजरेने न पाहता थंड डोक्याने पाहायला हवे.

आधी शिडी समजून घेऊ. अमेरिकेत आपल्या एएनएमशी ढोबळमानाने तुलना करता येईल अशी ‘एलपीएन’ ही पायरी आहे आणि तिच्यावर ‘आरएन’ म्हणजे नोंदणीकृत परिचारिका. तिथे एलपीएनला आरएन होण्यासाठी खास जोड-अभ्यासक्रम असतात. आधी शिकलेले विषय आणि केलेले काम यांचे श्रेय मिळते, त्यामुळे शिक्षणाचा काळ कमी होतो. शेवटी राष्ट्रीय पातळीवरची एकच परवाना परीक्षा द्यावी लागते. एखाद्या महाविद्यालयाचे किती विद्यार्थी त्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले, याचे आकडे तिथली राज्य मंडळे जाहीर करतात. प्रवेश घेणाऱ्याला तो आकडा पाहून निर्णय घेता येतो.

आपल्याकडे असा जोडपूल नाही. एएनएमला जीएनएम करायचे तर सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. दहा वर्षे उपकेंद्रात बाळंतपणे केलेली, हजारो बालकांना लस टोचलेली सिस्टर नुकत्याच बारावी झालेल्या मुलीशेजारी बसून पुन्हा शरीररचनेचा पहिला धडा गिरवते. नियमांनी तिला दोन सवलती दिल्या आहेत. जीएनएमसाठी बारावीत इंग्रजीसह किमान ४० टक्के गुणांची अट असते, पण नोंदणीकृत एएनएमला उत्तीर्ण गुणांवरही पात्र धरण्याची तरतूद आहे. इतरांसाठी असलेली ३५ वर्षांची वयोमर्यादाही एएनएमला लागू होत नाही. चाळिशीतल्या एएनएमलाही हे दार उघडे आहे, ही गोष्ट अनेकींना माहीतच नसते.

जीएनएम झाल्यावर राज्य परिषदेकडे नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका म्हणून नाव लागते. त्यानंतर पदवी हवी असेल तर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम आहे. तीन अधिक दोन अशी पाच वर्षे झाली. इथे तरुण एएनएमने एक साधे गणित करून पाहावे. तिने बारावी विज्ञान शाखेतून, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांत किमान ४५ टक्के गुणांनी केली असेल, तर सीईटी देऊन थेट चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला जाता येते. पदवीच गाठायची असेल तर ही वाट एक वर्षाने जवळची आहे. कला शाखेतून बारावी करून एएनएम झालेलीला मात्र ही वाट बंद असते, तिच्यासाठी जीएनएम हाच रस्ता. आणखी एक अडचण जुन्या एएनएमची. पूर्वी दहावीवर एएनएमला प्रवेश मिळत असे. अशा सिस्टरने बारावी केली नसेल, तर पोस्ट बेसिकच्या दारात ती अडते. तिने जीएनएमच्या फॉर्मआधी बारावीचा फॉर्म भरणे शहाणपणाचे.

ही धडपड कशासाठी, असा प्रश्न घरातून हमखास येतो. त्याचे एक उत्तर उपकेंद्रात सापडते. सपाट भागात ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर हे उपकेंद्र वर्षानुवर्षे एएनएमनेच चालवले. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेतून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. केंद्राच्या निकषांत या पदासाठी नर्सिंगची पदवी किंवा जीएनएम अथवा आयुर्वेदाची पदवी, आणि त्यावर सामुदायिक आरोग्याचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. एएनएम त्यात बसत नाही. गावातले प्रत्येक घर जिला तोंडपाठ आहे, ती आपल्याच केंद्रात दुसऱ्या क्रमांकावर राहते. परदेशात जायचे असले तरी तिथल्या नोंदणीकृत परिचारिकेच्या परीक्षेसाठी जीएनएम किंवा पदवी हीच पहिली अट असते.

दुसरे उत्तर रुग्णाच्या खाटेपाशी सापडते. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपातील ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांतील ४ लाख २२ हजारांहून अधिक शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. परिचारिकेवरचा भार एका रुग्णाने वाढला, की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले, की ती शक्यता ७ टक्क्यांनी घटलेली दिसली. हा निरीक्षणातून आलेला निष्कर्ष आहे, त्यामुळे सगळे श्रेय पदवीलाच देता येणार नाही. युरोपची रुग्णालये आणि आपले वॉर्ड यांतही फरक आहे. तरीही त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची नाडी वाढते, लघवी कमी होते, तो किंचित बरळू लागतो. ही लक्षणे एकत्र जोडून ‘डॉक्टरांना आत्ताच बोलवा’ हे ठरवणारी व्यक्ती रात्री दोन वाजता वॉर्डात बहुधा एकच असते, ती म्हणजे परिचारिका. तिला काय शिकवले गेले आणि तिच्याकडे किती रुग्ण आहेत, यावर पुढचा तास ठरतो. त्यामुळे सिस्टरने शिकणे हा तिच्या पगाराइतकाच रुग्णाच्या जिवाचाही प्रश्न आहे.

म्हणूनच कुठे शिकायचे याला महत्त्व येते. संस्था निवडताना इमारत, बस आणि गणवेशाचा रंग यांच्या पलीकडे जाऊन काही गोष्टी तपासायला हव्यात.

पहिली गोष्ट मान्यतेची. संस्थेला राज्य शासनाची परवानगी, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आणि राष्ट्रीय नर्सिंग परिषदेच्या निकषांची पूर्तता आहे का, आणि ती याच वर्षासाठी, याच अभ्यासक्रमासाठी व तेवढ्याच जागांसाठी आहे का, हे कागदावर पाहावे. परीक्षा कोण घेणार हेही विचारावे. पदवीसाठी ते नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा एखादे अभिमत विद्यापीठ असते, एएनएम-जीएनएमसाठी राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात ‘नर्सिंग’ शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. त्यातून रुग्णसेवेचे मदतनीसपण येईल, नोंदणी मिळणार नाही. घरबसल्या जीएनएम होत नाही, हेही पक्के लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट सीमेपलीकडची. कोल्हापूरकरांना बेळगाव, निपाणी परके नाहीत आणि फी कमी दिसली की पाय तिकडे वळतात. कर्नाटकात शिकण्यात वावगे काही नाही. पण त्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्रात नोंदणी मिळेल का, हे प्रवेशाआधी महाराष्ट्र परिषदेकडून लेखी घ्यावे. एजंटच्या तोंडी खात्रीचा तीन वर्षांनी काही उपयोग नसतो.

तिसरी गोष्ट रुग्णालयाची. नर्सिंग वर्गात निम्मेच शिकता येते. संस्थेला स्वतःचे किंवा कायमचे जोडलेले रुग्णालय आहे का? खाटा किती, आणि त्यांतल्या भरलेल्या किती? निकषांप्रमाणे किमान ७५ टक्के खाटा भरलेल्या असाव्यात, एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा. प्रवेशाआधी एका साध्या दिवशी दुपारी त्या रुग्णालयात चक्कर मारावी. अर्धे वॉर्ड कुलूपबंद दिसले, तर पुस्तिकेतला आकडा किती खरा ते कळते. प्रसूती कक्ष, अतिदक्षता विभाग आणि मानसोपचार विभागात प्रत्यक्ष किती आठवडे काम मिळते, हे शेवटच्या वर्षातल्या मुलींना विचारावे. त्या खरे सांगतात.

चौथी गोष्ट पैशाची. फी म्हणजे फक्त शिकवणी शुल्क नव्हे. वसतिगृह, गणवेश, परीक्षा, बाहेरगावच्या रुग्णालयात जाण्याचा खर्च आणि सर्वांत मोठा म्हणजे तीन वर्षांचा बुडणारा पगार, हे सगळे एका कागदावर मांडावे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत जाहीर केली. पण ती केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यांना मिळते. संस्थास्तरावर घेतलेला प्रवेश आणि खासगी अभिमत विद्यापीठे तिच्या बाहेर आहेत. निवडलेला अभ्यासक्रम आणि जागा या योजनेत बसते का, हे पहिला हप्ता भरण्याआधीच विचारावे. मूळ कागदपत्रे ठेवून घेणाऱ्या किंवा शिक्षणानंतर त्याच रुग्णालयात कमी पगारावर राबण्याचा बाँड लिहून घेणाऱ्या संस्थेपासून दूर राहिलेले बरे.

पाचवी गोष्ट वेळेची. सरकारी नोकरीतल्या सिस्टरने अध्ययन रजेचा अर्ज आणि वरिष्ठांची परवानगी यांची व्यवस्था प्रवेशाआधी करावी. खासगीतल्या सिस्टरने दिवसा शिकून रोज रात्रपाळी करण्याचा बेत आखू नये. तीन वर्षे झोप मोडून ना शिक्षण धड होते, ना रुग्णाची काळजी. चुकीच्या डोसची भीती अशा वेळीच सर्वाधिक असते.

इतकी काळजी एका नोकरदार स्त्रीने एकटीने घ्यावी, हे मात्र न्याय्य नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात, मधल्या कोरोनाच्या लाटेत याच एएनएम दारोदार फिरल्या. त्यांचा अनुभव शिक्षणव्यवस्थेच्या हिशेबात शून्य धरला जातो. १९४७ च्या नर्सिंग परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा केला. ही घडी नव्याने बसत असताना नोंदणीकृत आणि अनुभवी एएनएमसाठी जोड-अभ्यासक्रम आखणे अशक्य नाही. आधी कौशल्याची कडक परीक्षा घ्यावी, जे येते त्याचे श्रेय द्यावे, जे येत नाही तेवढेच शिकवावे. दर्जा सैल करून पायरी सोपी करणे रुग्णाच्या जिवावर बेतेल, म्हणून शेवटची परीक्षा सर्वांना एकच असावी. राज्याने आपल्या आरोग्यसेविकांना दरवर्षी ठरावीक संख्येने पगारी रजेवर शिकायला पाठवावे. आणि प्रत्येक नर्सिंग संस्थेचा निकाल, भरलेल्या खाटा व शिक्षकांची संख्या परिषदेच्या संकेतस्थळावर मराठीत दिसावी. साखर कारखान्याचा उतारा शेतकऱ्याला कळतो, मग नर्सिंग महाविद्यालयाचा निकाल सिस्टरला का कळू नये?

तोपर्यंत बावड्यातल्या सिस्टरने घाई करू नये, पण थांबूनही राहू नये. या सुट्टीच्या दिवशी बारावीची गुणपत्रिका, एएनएमचे नोंदणी प्रमाणपत्र आणि घरखर्चाची वही एकत्र काढून बसावे. नोंदणीचे नूतनीकरण राहिले असेल तर ते आधी करावे. मग दोन संस्थांची रुग्णालये स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे. निर्णय त्यानंतर घ्यावा, आणि तो जाहिरातीवर नव्हे, पाहिलेल्या वॉर्डावर आणि हातातल्या कागदावर बेतलेला असावा.