मुक्तिसंग्राम शिकवायचा तर पुरता शिकवा

१७ सप्टेंबरला नांदेड-लातूरच्या शाळांत झेंडावंदन होते, प्रभातफेरी निघते, सातवीतली एखादी मुलगी पाठ केलेले भाषण खणखणीत आवाजात म्हणते. स्वामी रामानंद तीर्थ, निजाम, रझाकार, सरदार पटेल अशी नावे त्यात येतात, टाळ्या पडतात, खाऊ वाटला जातो. बहुतेक शाळांत मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे शिक्षण इथेच संपते. याहून जास्त शिकवू नये असे म्हणणारेही आहेत.

त्यांचा एक आक्षेप असा : १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई म्हणून भारताच्या फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजाम शरण आला; यात जनतेचा लढा कुठे? हे म्हणणे शेवटच्या पाच दिवसांपलीकडे बघतच नाही. संस्थानात सभा घ्यायची तर आधी सरकारी परवानगी लागे. गश्ती निशाण ५३ या फर्मानाचा तो जाच लोकांनी वर्षानुवर्षे सोसला. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली, तरी सत्याग्रह झाला. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ चळवळीचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे मारले गेले ते १९४६ मध्ये, पोलीस कारवाईच्या दोन वर्षे आधी. आणि उमरी? ३० जानेवारी १९४८ रोजी चळवळीच्या सरहद्दीवरच्या कॅम्पातल्या तरुणांनी तिथली स्टेट बँक लुटली. सुमारे २१ लाख रुपये हाती लागले. त्या काळी एवढ्या पैशाने कुणाचीही मती फिरली असती. या पोरांनी ती रक्कम चळवळीच्या खजिन्यात जमा केली. आठवीच्या वर्गाला एवढे सांगावे आणि विचारावे : हे दरोडेखोर की सैनिक? तास पुरणार नाही, इतकी मुले भांडतील. पाठ केलेल्या भाषणातून हे कधीच साधणार नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. जुन्या जखमा कशाला उकरायच्या, वर्गातल्या मुसलमान पोराने खाली मान घालायची का? त्याला मान घालावी लागते ती इतिहास अर्धा सांगितल्यामुळे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करायचा, हे सांगावेच. पण भारतात विलीन व्हा असे लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच खून केला, हेही त्याच तासाला सांगावे. निजामाविरुद्धचा लढा धर्माविरुद्धचा नव्हता, याचा याहून मोठा पुरावा कोणता? आणि पुढचेही टाळू नये. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला; सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होते आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. पाचवीच्या लेकराला हे झेपणार नाही, मान्य. नववीच्या मुलाला झेपते. शाळेने सांगितले नाही तर मोबाइलवर त्याला ते ऐकू येते, तेही कुणीतरी विष कालवून.

या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते, तसे हाडाचे शिक्षकही. चळवळीत पूर्ण उतरण्याआधी हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेत ते शिकवत होते. त्यांच्या नावाचे विद्यापीठ नांदेडला आहे. त्याने गावोगावच्या आठवणी मुलांना वाचता येतील अशा सोप्या मराठीत छापाव्यात, हे त्याचे कामच आहे.

पण त्याची वाट बघत बसू नका. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले आज नव्वदीच्या घरात आहेत. गुरुजी, बाई, येत्या १७ सप्टेंबरच्या आधी मुलांना वही-पेन देऊन त्यांच्याकडे पाठवा. वाड्यातही, वस्तीवरही आणि मोहल्ल्यातही.